काई नाई, बसून राह्यलो

परतवाड्याच्या एसटी स्टँडवर धारणीच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या माणसाला ओळखीच्या कोणी हटकले, "काय करून राह्यला गा?" की उत्तर ठरलेले असते, "काई नाई, बसून राह्यलो." वऱ्हाडीत नुसते बसणेसुद्धा 'करून राहण्या'त जमा होते. पुण्या-मुंबईकडच्या पाहुण्याला या 'राह्यलो'चे हसू येते. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र गेल्या तीस वर्षांत नेमके हेच वाक्य गंभीरपणे घ्यावे लागले आहे. बाकावर टेकलेला, गाडीच्या पाटीकडे अर्धवट पाहणारा तो माणूस काही करत नसताना त्याच्या कवटीत काय चाललेले असते, याची चित्रे आता काढता येतात. त्या तंत्राला 'रेस्टिंग-स्टेट फंक्शनल एमआरआय' म्हणतात. मराठीत त्याला विश्रांत मेंदूचे चित्रण म्हणू. ही चित्रे लाल-पिवळी, झगमगीत असतात. पण त्यांत विचार दिसत नाहीत आणि मेंदूतली वीजही दिसत नाही. दिसते ते रक्त.

हे रक्त मेंदूबद्दल काय सांगते आणि कुठे फसवते, ते समजून घेण्यासारखे आहे.

आधी बसण्याचा हिशेब. प्रौढ माणसाचा मेंदू साधारण चौदाशे ग्रॅमचा, म्हणजे शरीराच्या वजनाचा पन्नासावा हिस्सा. पण बसल्या जागी शरीर जेवढी ऊर्जा खर्चते, तिचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो. दर मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त त्यातून फिरते. बाकावरचा माणूस उठून मनातल्या मनात कर्जाच्या व्याजाचा हिशेब करू लागला, तर हा खर्च किती वाढेल? अमेरिकेत लुई सोकोलॉफ, सेमूर केटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये ते मोजून पाहिले. लोकांना तोंडी गणिते घातली आणि मेंदूचा ऑक्सिजनचा एकूण खप मोजला. तो बदललाच नाही. गणित करणारा मेंदू आणि छताकडे पाहत पडलेला मेंदू, दोघांचे बिल सारखेच आले. पुढे मेंदूतल्या छोट्या छोट्या जागांचा खप मोजता येऊ लागला, तेव्हाही दिसले की एखादे काम हाती घेतल्याने त्या जागेची ऊर्जेची गरज फार तर पाचेक टक्क्यांनी वाढते. बाकीचा सगळा खर्च 'काई नाई'चा.

त्याआधीही एक इशारा मिळाला होता. जर्मनीतल्या हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपल्या आणि १९२९ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. डोळे मिटून शांत पडलेल्या माणसाच्या लहरी थांबत नव्हत्या. डोळे उघडल्यावर दिसत त्यापेक्षा त्या मोठ्या आणि लयबद्ध होत. पण शास्त्रज्ञांचे लक्ष कामावर होते. माणसाला चित्र दाखवा, शब्द ऐकवा, बोट हलवायला सांगा आणि मेंदूत काय उजळते ते पाहा, ही पद्धत रुळली. मधली विश्रांती ही फक्त तुलनेसाठी घेतलेली कोरी पाटी मानली गेली.

अचलपूर-परतवाड्याच्या पट्ट्यातला संत्रा-बागाईतदार ही चूक करणार नाही. आंबिया बहर धरायचा तर डिसेंबरच्या सुमाराला तो बागेचे पाणी तोडतो. याला 'ताण देणे' म्हणतात. भारी जमिनीत ताण लांबवावा लागतो, हलक्या जमिनीत लवकर बसतो. पाने मलूल होतात, फिकट पडतात, काही गळतात. नवी पालवी येत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटते, बाग बसली. बागाईतदार मात्र रोज फेरी मारून पानांचा रंग पाहत असतो. वाढ थांबल्यामुळे झाडाने केलेले अन्न फांद्यांत साठत चाललेले असते आणि कळ्यांची तयारी आतल्या आत होत असते. मग ताण तोडून पाणी सोडले की थोड्याच दिवसांत बाग पांढऱ्या फुलांनी भरते आणि वास बांधापलीकडे जातो. झाड बसलेले नव्हते, हे तेव्हा सगळ्यांना कळते. बागाईतदाराला ते आधीच ठाऊक असते, कारण तो काय चालले आहे हे पानांच्या रंगावरून ओळखतो. विश्रांत मेंदूच्या चित्रणातही तपासणारा तेच करतो. पेशींचे काम थेट दिसत नाही, म्हणून रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधतो.

हा रंग हिमोग्लोबिनचा. लाल पेशींतल्या या प्रथिनात लोहाचे अणू असतात आणि ते ऑक्सिजन वाहून नेतात. फुफ्फुसातून निघालेले रक्त तांबडेलाल असते, ऑक्सिजन देऊन परतणारे काळपट. रंगाबरोबर त्याचा चुंबकाशी असलेला संबंधही बदलतो. मायकेल फॅरडे यांनी १८४५ मध्ये वाळलेल्या रक्तावर चुंबकाचे प्रयोग केले होते. लोह असूनही ते चुंबकाकडे ओढले जात नाही, याची त्यांनी नोंद केली. कोडे सुटले १९३६ मध्ये. कॅलिफोर्नियात लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी दाखवले की ऑक्सिजन धरून बसलेले हिमोग्लोबिन चुंबकाला दाद देत नाही, पण ऑक्सिजन सोडला की त्यातले लोह क्षीण चुंबकासारखे वागू लागते. पॉलिंग यांचे नाव लक्षात ठेवावे. मेळघाटाच्या संदर्भात ते पुन्हा येणार आहे.

एमआरआयचे यंत्र हे मुळात पाण्याचे चित्र काढणारे यंत्र. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे साठ हजार पट ताकदीच्या, म्हणजे तीन टेस्लाच्या चुंबकात माणसाला झोपवतात आणि शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना रेडिओलहरींनी हलवून त्यांचा प्रतिसाद टिपतात. आसपास ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिन असले की त्या लहानग्या चुंबकांमुळे क्षेत्र जरासे विस्कटते आणि चित्र त्या जागी अगदी किंचित काळपट येते. न्यू जर्सीच्या बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सेइजी ओगावा यांना उंदरांच्या मेंदूच्या चित्रांत शिरांच्या काळ्या रेघा दिसल्या; उंदराला शुद्ध ऑक्सिजन हुंगायला दिला की त्या पुसट होत. १९९० मध्ये त्यांनी या संकेताला 'बोल्ड' असे नाव दिले. रक्तातल्या ऑक्सिजनच्या पातळीवर अवलंबून असलेला फरक, एवढाच त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ. दोनच वर्षांत, १९९२ मध्ये, अमेरिकेतल्या तीन गटांनी माणसाचा कामात असलेला मेंदू या पद्धतीने टिपला.

इथे एक उलटे वाटणारे कोडे आहे. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तो ऑक्सिजन जास्त वापरणार. मग तिथे काळपट रक्त वाढून चित्र मंद व्हायला हवे. होते नेमके उलटे. तो भाग उजळतो.

याचे उत्तर ओलीत करणाऱ्या शेतकऱ्याकडे आहे. दोन-चार झाडे सुकायला लागली म्हणून तो दांड फोडतो, तेव्हा पाणी मोजून त्या दोन-चार झाडांनाच देत नाही. अख्खे बारे भरते आणि वरचे पाणी पुढे वाहत जाते. मेंदूतही तसेच होते. १९८६ मध्ये पीटर फॉक्स आणि मार्कस रायकल यांनी बोटांना कंप देऊन मेंदूतल्या स्पर्शाच्या भागाचे मोजमाप केले. रक्ताचा ओघ २९ टक्क्यांनी वाढला, ऑक्सिजनचा वापर मात्र अवघा ५ टक्क्यांनी. गरजेपेक्षा कितीतरी जास्त ताजे रक्त आले, काळपट रक्त पुढे ढकलले गेले आणि ती जागा चित्रात उजळली. म्हणजे यंत्राला दिसते ते पेशीने केलेले काम नसते. पेशीच्या मागणीवरून सुटलेल्या पाण्याचा तो ओलावा असतो.

दांड फोडतो कोण? चेतापेशी एकमेकींना संदेश देतात तेव्हा रसायने सुटतात, नायट्रिक ऑक्साइडसारखा वायू झिरपतो, पोटॅशियम पेशीबाहेर येते. ताऱ्याच्या आकाराच्या ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशींचे पाय रक्तवाहिन्यांभोवती वेढलेले असतात. त्याही निरोप पोचवतात. बारीक धमन्यांभोवती स्नायूंची कडी असतात, ती सैल पडतात आणि वाहिनी रुंदावते. हे सगळे सावकाश चालते. पेशीचा संदेश सेकंदाच्या हजाराव्या भागात जातो, तर रक्ताचा लोंढा शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद लागतात. जर्मनीत निकोस लोगोथेटिस यांनी २००१ मध्ये माकडाच्या मेंदूत तार घालून आणि त्याच वेळी चित्रण करून हे नाते तपासले. पेशींच्या बाहेर पडणाऱ्या ठिणग्यांपेक्षा त्या भागात येणाऱ्या आणि तिथल्या तिथे घोळवल्या जाणाऱ्या संदेशांशी बोल्डचा मेळ अधिक चांगला बसला.

विचार आणि रक्त यांचे नाते तसे जुनेच. एकोणिसाव्या शतकात इटलीतल्या तुरीन शहरी आंजेलो मोस्सो यांच्याकडे बेर्तिनो नावाचा एक शेतकरी आला होता. डोक्यावर वीट पडून त्याच्या कवटीला भोक पडले होते आणि त्यातून मेंदूची धडधड दिसे. मोस्सो ती यंत्रावर नोंदवत असताना गावच्या चर्चची घंटा वाजली आणि मेंदूचे ठोके एकदम मोठे झाले. हाताची नाडी होती तशीच होती. घंटा ऐकून प्रार्थना म्हणायची आठवण झाली का, असे मोस्सोंनी विचारले. बेर्तिनोने हो म्हटले. पुढे १८९० मध्ये केंब्रिजच्या रॉय आणि शेरिंग्टन यांनी मेंदू आपला रक्तपुरवठा गरजेनुसार जागच्या जागी बदलतो, असे प्रयोगांवरून मांडले.

आता पुन्हा रिकाम्या मेंदूकडे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिलवॉकी इथे भरत बिस्वाल हे भारतीय वंशाचे संशोधक विद्यार्थी फंक्शनल एमआरआयमधला 'गोंगाट' कमी करण्याच्या मागे होते. माणूस काही करत नसतानाही संकेत वर-खाली होई, तो कसा घालवावा, एवढाच प्रश्न होता. त्यांनी लोकांना नुसते पडून राहायला सांगितले आणि दर पाव सेकंदाला एक अशी ५१२ चित्रे घेतली. जेमतेम दोन मिनिटांचे काम. मग डाव्या बाजूला हाताची हालचाल घडवणारा मेंदूचा ठिपका निवडला आणि विचारले, याच्यासारखेच वर-खाली होणारे ठिपके आणखी कुठे आहेत? उत्तर आले ते मुख्यतः उजव्या बाजूच्या त्याच भागात. हात हलत नव्हते. तरी दोन्ही हातांचे मेंदूतले दोन भाग एका तालात संथपणे उजळत-मावळत होते. १९९५ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. जो गोंगाट म्हणून फेकून द्यायचा, त्यातच मेंदूची रचना लपलेली निघाली.

एका तालात असणे म्हणजे काय, हे जुळ्या शहरांवरून समजेल. चिखलदऱ्याच्या घाटात उभे राहून कोणी अचलपूर आणि परतवाडा यांच्यातली फक्त वाहनांची वर्दळ मोजत बसला आहे, असे समजू. माणसे दिसत नाहीत, बोलणे ऐकू येत नाही. पण दोन्हीकडची वर्दळ दिवसामागून दिवस एकदमच चढते आणि एकदमच उतरते, हे त्याच्या लक्षात येईल. त्यावरून तो म्हणेल, या दोन गावांचे व्यवहार एकमेकांत गुंतलेले दिसतात. विश्रांत चित्रणातला 'जोड' या शब्दाचा अर्थ एवढाच आहे. रस्ता कोणी पाहिलेला नसतो. वर्दळीचा मेळ पाहून अनुमान केलेले असते. हे चढ-उतारही फार संथ. एक आवर्तन दहा सेकंदांपासून शंभर सेकंदांपर्यंतचे, आणि फरक एक-दोन टक्क्यांच्या आतबाहेरचा.

साहजिकच शंका आल्या. हृदयाचे ठोके सगळ्या मेंदूत एकदमच पोचतात, श्वासाबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड बदलतो. मग हा मेळ केवळ नळातल्या पाण्याच्या दाबाचा असेल. बिस्वाल यांनी चित्रे इतक्या भराभर घेतली होती ती याचसाठी. ठोके आणि श्वास त्यांत वेगळे ओळखता येत आणि गाळून टाकता येत. पक्का पुरावा पुढे जमत गेला. २००८ मध्ये अमेरिकेतल्या एका सहा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याचे झटके कशानेच थांबत नव्हते, म्हणून मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा जाड पट्टा शस्त्रक्रियेने पूर्ण कापला होता. शस्त्रक्रियेआधीच्या चित्रणात डावे-उजवे तालात होते. नंतरच्या चित्रणात प्रत्येक गोलार्धाच्या आतला मेळ टिकून होता आणि डाव्या-उजव्यांमधला जवळपास नाहीसा झाला होता. हृदय तेच, श्वास तोच, रक्त तेच. तुटला होता तो फक्त मज्जातंतूंचा रस्ता. त्याच वर्षी माकडांवरच्या प्रयोगांतही विश्रांतीतल्या विजेच्या जलद लहरींचा जोर आणि काही सेकंदांनी येणारे रक्तातले चढ-उतार यांची सांगड मिळाली.

या पुराव्याच्या काही वर्षे आधीच रिकामेपणाचा एक पत्ताही सापडला होता. मार्कस रायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसत होते की कोणतेही लक्षपूर्वक करायचे काम दिले की मेंदूचे काही ठरावीक भाग मंदावतात आणि काम संपले की पूर्ववत होतात. कपाळामागचा मधला भाग, मेंदूच्या मागच्या बाजूला मध्यरेषेवरचा भाग आणि कानांच्या वर-मागचे दोन भाग. २००१ मध्ये त्यांनी याला मेंदूची 'डिफॉल्ट' अवस्था म्हटले. माणूस मोकळा असतो तेव्हा हे जाळे जोरात असते, आणि मोकळा माणूस करतो काय? कालचे बोलणे आठवतो, उद्याची काळजी करतो, कोण आपल्याविषयी काय म्हणाले असेल याचा विचार करतो. 'रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी' ही आपली म्हण. तुंबडी म्हणजे अंगातले रक्त एका जागी ओढून घेण्याचे जुने साधन. रिकाम्या मेंदूच्या बाबतीत ही म्हण शब्दशः खरी ठरते. हातात काम नसले की रक्त या ठरावीक जागांकडे जास्त ओढले जाते.

इथपर्यंतची गोष्ट सुरेख आहे. पण रक्तवाहिन्या या केवळ हुकमाच्या ताबेदार नाहीत. बारीक धमन्यांना स्वतःची लय असते. दर दहाएक सेकंदांनी त्या आपण होऊन आकसतात आणि फुगतात. विश्रांत चित्रणातले चढ-उतार नेमके याच संथ पट्ट्यातले. मग चित्रात पेशी दिसतात की वाहिन्यांचा हा खेळ? कॅलिफोर्नियात डेव्हिड क्लाइनफेल्ड यांच्या गटाने २०१७ मध्ये जाग्या उंदरांच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाने धमन्या पाहत, सोबत वीज मोजत याचा छडा लावला. पेशींच्या जलद लहरींचा जोर स्वतःच संथपणे वाढतो-घटतो आणि धमन्यांची लय त्या तालाला बांधली जाते, असे त्यांना आढळले. भजनात टाळकरी आपला ठेका धरून असतो, पण पखवाज सुरू झाला की त्याच्या मागे जातो, तसे. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियात पॅट्रिक ड्रू यांच्या गटाने नाण्याची दुसरी बाजू दाखवली. त्यांनी औषधाने उंदराच्या मेंदूतल्या एका जागेच्या पेशी गप्प केल्या, तरी तिथल्या रक्ताचे आपसूक चढ-उतार बऱ्याच अंशी चालूच राहिले. दोन्ही निष्कर्ष एकत्र ठेवले तर अर्थ सरळ आहे. या संकेताचा एक भाग पेशींचा आहे, एक भाग वाहिन्यांचा स्वतःचा, आणि दोन मिनिटांच्या एखाद्या चित्रणावरून त्यांची वाटणी करता येत नाही.

प्रत्यक्ष चित्रणाच्या खोलीत तर आणखी भानगडी. कानात बोळे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा, वर यंत्राची कानठळ्या बसवणारी खटखट, समोरच्या पडद्यावर एक बेरजेचे चिन्ह आणि सूचना एकच : हलू नका, झोपू नका, मनात येईल ते येऊ द्या. सहा ते दहा मिनिटे असे पडून राहायचे. मान मिलिमीटरभर सरकली तरी दूरदूरच्या ठिपक्यांमध्ये खोटा मेळ तयार होतो किंवा खरा मेळ मोडतो. झोपेचे म्हणाल, तर एका मोठ्या पाहणीत पहिल्या तीन मिनिटांतच सुमारे एक तृतीयांश लोकांची जागृती ढळल्याचे दिसले. ज्याला विश्रांत जागा मेंदू म्हणायचे, तो कित्येकदा डुलकी घेणारा मेंदू असतो.

आणि कॉफी. विदर्भात कॉफी पिकते ती चिखलदऱ्याला, परतवाड्याहून घाट चढून गेल्यावर. समजा, चिखलदऱ्याहून दोन कप कडक कॉफी घेऊन कोणी थेट अशा चित्रणाला जाऊन पडला. कॅफिन मेंदूतल्या वाहिन्या आकसवते. दोन कप कॉफीएवढ्या मात्रेने मेंदूचा रक्तपुरवठा साधारण पाव हिश्श्याने घटतो. दुसरीकडे तेच कॅफिन पेशींना तरतरी आणते. २००९ च्या एका अभ्यासात कॅफिन घेतल्यावर डाव्या-उजव्या हातांच्या भागांतला विश्रांतीतला मेळ कमी झाला. चित्र पाहणारा म्हणेल, जोड कमकुवत आहे. जोड होता तिथेच होता, बदलला होता रक्ताचा ओघ आणि जागेपणा.

मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या गावात ही चर्चा कॉफीवर थांबत नाही. इथून वर कोरकूंची गावे सुरू होतात, आणि विदर्भातल्या आदिवासी व अनुसूचित जातींच्या वस्त्यांत सिकलसेल हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आता पॉलिंग यांच्याकडे परत यायला हवे. हिमोग्लोबिनचे चुंबकत्व उलगडणाऱ्या याच शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये हार्वी इटानो आणि इतर सहकाऱ्यांसह दाखवले की सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतल्या बिघाडाचा आजार आहे. विजेच्या दाबाखाली सिकलसेलचे हिमोग्लोबिन आणि नेहमीचे हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेगाने सरकते, हा त्यांचा पुरावा. इलेक्ट्रोफोरेसिस नावाची तीच पद्धत सिकलसेलच्या पक्क्या निदानासाठी आजही वापरली जाते.

दोन्ही शोधांच्या मुळाशी एकच क्षण आहे, हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडते तो. नेहमीच्या रक्तात त्या क्षणी लोह क्षीण चुंबक बनते आणि एमआरआयला खूण मिळते. सिकलसेलच्या रक्तात त्याच क्षणी हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दांडे तयार होतात, पेशी विळ्यासारखी वाकते, ताठर होते, बारीक वाहिनीत अडकते आणि लवकर फुटते. रक्तात हिमोग्लोबिन कमी पडते, म्हणून मेंदूला पुरेसा ऑक्सिजन मिळावा यासाठी रक्ताचा ओघ आधीच वाढवून ठेवावा लागतो. दांड कायमचा उघडाच. मग खरी मागणी आली तर आणखी किती उघडणार? सिकलसेलच्या मुलांच्या डोळ्यांसमोर चमकणारे चित्र धरून केलेल्या चित्रणात त्यांचा बोल्ड संकेत क्षीण आढळला आहे. त्यावरून या मुलांचे डोळे किंवा बुद्धी मंद ठरवणे शुद्ध अन्याय होईल. रक्त वेगळे आहे, म्हणून रक्तावर आधारलेली खूण वेगळी आली. साध्या रक्तक्षयातही, कमी प्रमाणात का होईना, हीच सावधगिरी लागते.

या मुलांच्या मेंदूला खरा धोका पक्षाघाताचा असतो, आणि तो ओळखायला एमआरआयसुद्धा लागत नाही. कानशिलाजवळ सोनोग्राफीसारखे उपकरण धरून मेंदूच्या मोठ्या धमनीतल्या रक्ताचा वेग मोजतात. तो सेकंदाला दोन मीटर किंवा जास्त भरला, तर धोका मोठा. अशा मुलांना नियमित रक्त दिल्याने पहिल्या पक्षाघाताचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले, हे अमेरिकेत १९९८ मध्ये सिद्ध झाले.

मग विश्रांत चित्रणाचा उपयोग काय? संशोधनात मोठा. २०१० मध्ये बिस्वाल यांच्याच पुढाकाराने ३५ केंद्रांतल्या १,४१४ स्वयंसेवकांची चित्रणे एकत्र करून सर्वांसाठी खुली केली गेली. यंत्रे आणि देश वेगळे असूनही मेंदूची मुख्य जाळी सगळीकडे सारखी निघाली. अल्झायमरच्या रुग्णांत डिफॉल्ट जाळ्याचा मेळ विस्कटलेला दिसतो. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये अपस्माराच्या रुग्णांच्या विश्रांत चित्रणांवर काम झाले आहे. शस्त्रक्रियेआधी भाषेचे किंवा हालचालीचे भाग शोधताना, विशेषतः सूचना पाळू न शकणाऱ्या लहान मुलांत, पडून राहण्याशिवाय काही न मागणारी ही तपासणी सोयीची पडते. पण अशा एका चित्रावरून एका माणसाचा स्वभाव, हुशारी किंवा नैराश्य ओळखून देण्याचा दावा कोणी करत असेल, तर तो आजच्या शास्त्राच्या पुढे धावतो आहे.

कधी अशी तपासणी करायची वेळ आलीच, तर रक्तक्षय, सिकलसेल, सुरू असलेली औषधे, रात्रीची झोप आणि सकाळची कॉफी, एवढ्या गोष्टी तपासणाऱ्याला न विचारता सांगाव्यात. ती वेळ थोड्यांवरच येईल. हिमोग्लोबिनची दुसरी तपासणी मात्र या भागात घरोघरची गरज आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. आदिवासी भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचे उच्चाटन हे त्याचे उद्दिष्ट आहे. सुरुवातीला बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब पुरतो, पुढे गरज पडली तर इलेक्ट्रोफोरेसिस. स्वतः आजारी नसलेल्या, पण आजार पुढच्या पिढीकडे नेऊ शकणाऱ्या दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून ही तपासणी लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी करून घ्यावी.